मिनिटाला बासष्ट

पगार विचारला तर मला राग येत नाही. वय विचारलं तरी सांगतो, दोन वर्षं कमी करून का होईना. पण बसल्या जागी तुमची नाडी किती पडते, असं आजही कोणी विचारलं की मी पावसापाण्याचा विषय काढतो. ही हकिगत दोन हजार तीन सालची. मुलगी पुण्यात शिकायला होती आणि घोडेगावात आम्ही तिघंच राहत होतो : मी, माझी बायको प्रतीक्षा आणि माझं हृदय. या तिसऱ्याकडं तोपर्यंत कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं आणि ते बिचारं आपलं काम करत होतं.

आमचा शेजारी सुदर्शन हायस्कूलवर पीटीचा मास्तर होता. एका रविवारी त्यानं कुंपणावरून "हात आणा" म्हटलं. त्यांच्या शेतावर तेव्हा वाटाणा निघाला होता, म्हणून मी मोठ्या खुशीनं ओंजळ पुढं केली. त्यानं शेंगा काही दिल्या नाहीत, मनगट पकडलं. गळ्यातल्या शिट्टीशेजारी लटकणाऱ्या घड्याळाकडं बघत तो ओठ हलवत राहिला आणि मग वर्गात नापास मुलाचं नाव वाचावं तसं म्हणाला, "ब्याऐंशी."

मी म्हटलं, मग काय झालं?

"मग काय झालं? राव, जीप न्यूट्रलला उभी हाय आन् इंजिन घाट चढल्यागत वरडतंय."

त्यानं रविवारच्या पुरवणीतला एक लेख वाचला होता. हृदय दमदार असेल तर ते एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, त्यामुळं त्याला कमी ठोक्यांत भागवता येतं. खेळाडूंचे तर विश्रांतीत पन्नासच्याही आत असतात. हृदय कमजोर असेल तर ते आपलं धडपडत बसतं. लेख मीही आणून वाचला. त्यात साठ ते शंभर म्हणजे साधारण ठीक, असं स्वच्छ छापलं होतं. मी ती ओळ बोट ठेवून सुदर्शनला दाखवली. तो म्हणाला, पस्तीस मार्कांनाही पासच म्हणतात, पण हुशार कोणी म्हणत नाही. त्याचे स्वतःचे छप्पन्न होते. हे त्यानं लोक आपली बागायत किती एकर आहे ते सांगतात त्या आवाजात सांगितलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी सरकारी नोकर आहे, पास होणाऱ्यांतला आहे हे मला मान्य आहे, पण ते कुंपणावरून ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी ठरवलं की नाडी खाली आणायची. सत्तरच्या खाली तर आणायचीच, आणि नंतर एखाद्या रविवारी सहज कुंपणापाशी जाऊन हात पुढं करायचा.

नाडी मोजायचं शास्त्र आहे. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, चहाच्या आधी, काहीही मनात न आणता पडून राहायचं आणि मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर मोजायचं. यातली प्रत्येक अट आमच्या घरात अशक्य होती. गजर लावला तर गजरानंच दचकून छाती धडधडायची. न लावला तर दूधवाला दार वाजवायचा. मनात काही आणायचं नाही म्हटलं की ऑफिसातले सगळे एकामागून एक मनात येऊन बसायचे. शिवाय खोलीतलं घड्याळ बाबासाहेबांच्या फोटोखाली, दाराच्या वर होतं. चष्म्याशिवाय मला त्यातला सेकंदाचा काटा दिसत नसे आणि चष्मा शोधायला उठलं की मोजणी बाद. शेवटी मी घड्याळ खाली काढलं आणि उशाशी ठेवून मोजताना ते छातीवर उभं धरायचं ठरवलं.

ठोके आणि सेकंद दोन्ही एकदम मोजताना माझी गडबड व्हायची, म्हणून प्रतीक्षाला मदतीला घेतलं. तिनं मनगट धरायचं, मी काट्याकडं बघायचं. ती मोजायला लागायची, वीस, एकवीस, बावीस, आणि त्याच सुरात, "सिलिंडर संपत आलाय, नंबर लावला का?" असं विचारायची. सिलिंडरचं नाव निघालं की माझे ठोके वाढायचे. पहिल्या आठवड्यात ब्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले.

मग पहाटे चालायला सुरुवात केली. नियमित चाललं की काही आठवड्यांत विश्रांतीची नाडी उतरते, असंही लेखात होतं. लेख लिहिणारा माणूस आमच्याकडच्या रस्त्यावर कधी चालला नसावा. इकडं पायी चाललेला ओळखीचा माणूस दिसला आणि गाडी थांबवली नाही, तर लोक त्या गाडीवाल्याला दहा वर्षं नावं ठेवतात. त्यात मी ऑफिसातला भाऊसाहेब. मंचर रस्त्याला मी शंभर पावलं टाकतोय तोच जीप करकचून थांबायची. "बसा भाऊसाहेब." मी म्हणायचो, मुद्दाम चालतोय. त्यावर आतली सगळी माणसं सरकून जागा करायची आणि एक म्हातारा टपावर जायची तयारी दाखवायचा. एवढं केल्यावर नाही म्हणणं मला जमत नसे. चालायला म्हणून निघून मी दोनदा मंचरला पोचलो आणि तिथून एसटीनं परत आलो. तिसऱ्या दिवसापासून मी रस्ता सोडला आणि बांधाबांधानं चालायला लागलो. तिथं फक्त कुत्री मागं लागायची, आणि त्याचा व्यायामाला फायदाच झाला.

दीड-दोन महिन्यांत दम लागायचा कमी झाला, पँट सैल झाली. सकाळचे ठोके मात्र पंच्याऐंशीच्या आसपास हटून बसले होते. प्रतीक्षाचं म्हणणं, ते मोजायच्या भीतीनं वाढतात. मला ते पटत नव्हतं, कारण भीती घालवायची कशी हे लेखात नव्हतं.

एका सकाळी सुदर्शनची आई प्रयागबाई विरजण मागायला आली. दार उघडंच होतं. तिला काय दिसलं ते मी तिच्या जागी उभं राहून बरेचदा डोळ्यांसमोर आणलं आहे. मी पलंगावर सरळ पडलेलो, डोळे अर्धवट मिटलेले, छातीवर भिंतीवरचं घड्याळ. उशाशी प्रतीक्षा माझा हात हातात घेऊन पुटपुटतेय. प्रयागबाई वाटी घेऊन आली तशी विरजण न घेताच परत गेली.

ऑफिसला जायला मी बाहेर पडायच्या आत आळीत बातमी झाली होती की भाऊसाहेबांना ॲटॅक येऊन गेला.

आमच्या भागात माणूस आजारी पडला की भेटायला जावं लागतं. तिथं इच्छेचा प्रश्न नसतो. न गेलं तर बोल लागतो. दुपारपर्यंत ओसरीत चपला मावेनात. मी दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होतो की मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, नुसती नाडी मोजत होतो. ते ऐकून लोक एकमेकांकडं बघायचे, मान हलवायचे आणि आवाज खाली आणायचे. याला सांगितलेलं दिसत नाही, असा त्यांचा समज झाला होता. मग मी जितक्या जोरानं सांगेन तितके ते हळवे होत. शेवटी मी पलंगावर पडून राहिलो, कारण आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसांसमोर आजाऱ्यानं हिंडणं त्यांना अवघड जात होतं.

दुसऱ्या दिवशी मढहून माझे चुलते सोपानतात्या जीपभर माणसं घेऊन आले. त्यांच्यातल्या जानका काकीनं फाटकापाशीच गळा काढला होता. मी उठून "या काकी" म्हणालो, तरी ती थांबली नाही, कारण रडणं मधेच सोडणं तिला बरं दिसलं नसतं. ते पूर्ण करून तिनं डोळे पुसले आणि मी वाळलोय म्हणाली. पँट सैल झाल्याचं हे कौतुक मला दोन महिन्यांत पहिल्यांदा मिळालं. तात्यांनी पलंगाशी बसून आपल्या ओळखीतल्या कोणाकोणाला कसं झालं आणि कोण पाण्याचा घोटही न घेता गेला, ते सविस्तर सांगितलं. प्रयागबाई ओझरला जाऊन विघ्नहराचा अंगारा घेऊन आली. आमच्यात अंगारा लावत नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं. "तुमी लावू नका, नुसता उशाला ठिवा," ती म्हणाली, "त्याचं त्यो बघून घील." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ती पुडी उशाला ठेवली.

आठवडाभर हे चाललं. येणाऱ्या प्रत्येकाला चहा, आणि त्याच्याबरोबर मला. केळी इतकी साठली की प्रतीक्षा ती शेजारच्या गाईला घालायला लागली. सुदर्शनही येऊन गेला. या सगळ्याचं मूळ आपण आहोत हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून तो खाली मान घालून बसला होता. जाताना सवयीनं त्यानं माझं मनगट धरलं. एकशे चार भरले. त्यानं माझा हात हळूच चादरीखाली ठेवला.

मग ऑफिसातून साहेब आले. आमचं खातं कोणतं ते मी सांगत नाही. सांगितलं तर माझ्याकडून खुलासा मागवतील. साहेब साताऱ्याकडचे, मनानं फार चांगले. त्यांनी डझनभर केळी ठेवली, माझ्याकडं बघून उसासा सोडला आणि म्हणाले, "कपिलराव, यात माझाच दोष आहे. आहुप्याचं तुमच्या कानावर आलेलं दिसतंय."

माझ्या कानावर काहीच आलेलं नव्हतं. आहुप्याला, पार डोंगरात, आमच्या खात्याची एक खोली होती. तिथं तीन वर्षांसाठी माणूस पाठवायचा होता. ऑफिसात त्या खोलीचं नाव निघालं की एकाची पाठ धरायची आणि दुसऱ्याची सासू आजारी पडायची. एसटी दिवसातून मोजकी, पावसाळ्यात हातातली फाईल दिसू नये एवढं धुकं, आणि घर इकडं. साहेबांनी तिथं माझं नाव लावलं होतं. ऑर्डर फक्त सहीची थांबली होती. ते ऐकूनच मला झटका आला, असं त्यांनी धरलं होतं. असं हृदय घेऊन तिथल्या चढावर पाठवणं आपल्याला जमणार नाही, आपण दुसरं नाव लावू, असं ते म्हणाले. नियमाप्रमाणं डॉक्टरांचं मत तेवढं हवं होतं. उद्या आपणच जीपनं सरकारी दवाखान्यात घेऊन जातो, म्हणाले.

साहेब गेले आणि प्रतीक्षा पडद्यामागून बाहेर आली. मुलगी पुण्याला, मी आहुप्याला आणि ही एकटी इथं, हे चित्र दोघांच्याही समोर उभं राहिलं होतं. मला खरंच भीती वाटली. लग्न झाल्यापासून आम्ही आठ दिवसांच्या वर वेगळे राहिलो नव्हतो आणि मला साधा वरणभातही करता येत नव्हता. प्रतीक्षानं मला बजावलं.

"उद्या तिथं गप बसायचं. डॉक्टर काय म्हणत्यात ते ऐकून घ्यायचं. आपणहून एक शब्द बोलायचा न्हाई."

मी मान डोलावली. खोटं बोलायची वेळच येणार नव्हती. आठवडाभर माझे ठोके शंभरच्या पुढं होते आणि ते सरळ मार्गानं झालेले होते. वरून सकाळी प्रतीक्षानं दोन कप कडक चहा पाजला.

दवाखान्यात पहिल्या खिडकीवर सांगितलं की आधी दुसऱ्या खिडकीवर केसपेपर काढा. दुसऱ्या खिडकीतला माणूस जेवायला गेला होता. तो आल्यावर केसपेपर संपले होते आणि ते आणायला दुसरा गेला. साहेब ओळखीच्या कोणाशी बोलत व्हरांड्याच्या टोकाला गेले. मी लिंबाच्या सावलीत बाकावर बसलो. आठवडाभरात पहिल्यांदाच मला कोणी कसं वाटतंय असं विचारत नव्हतं. कोणी चहा देत नव्हतं, कोणी मेल्याची गोष्ट सांगत नव्हतं, सुदर्शन तर मैलभर लांब होता. वारं सुटलं होतं. मी बाकावर आडवा झालो. सकाळच्या दोन कपांचं काय झालं कोण जाणे, बहुधा दिवसाला वीस कप पिऊन शरीरानं चहाची दखल घेणंच सोडून दिलं होतं. मला गाढ झोप लागली.

नाव पुकारल्यावर शिपायानं मला हलवून उठवलं आणि दंडाला धरून आत नेऊन टेबलावर आडवं केलं. मी अजून नीट जागाही झालो नव्हतो. डॉक्टरमॅडम तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बासष्ट येतायत," त्या साहेबांकडं वळून म्हणाल्या. "माझंच मोजताना चुकलं असेल. ॲटॅकच्या भीतीनं आलेल्या माणसाचे बासष्ट कसे असतील? जाऊ दे. मी यांना दोनेक महिने नजरेखाली ठेवते. चढउताराचं काम तूर्त देऊ नका."

साहेबांनी मान डोलावली. झालं होतं. आहुपे टळलं होतं. मला नुसतं छताकडं बघत पडून राहायचं होतं, आणि ते काम मला अंगवळणी पडलेलं होतं.

पण बासष्ट. दोन महिने मी कुत्री मागं लावून घेऊन बांधांवरून पळालो होतो. पहाटे घड्याळ छातीवर घेऊन पडलो होतो. आणि आयुष्यात एकदा माझ्या हृदयानं शोभेल असा आकडा काढला, तर तो मोजणीतली चूक म्हणून पुसला जात होता. मी उठून बसलो.

"मॅडम, तुमचं चुकलेलं नाही. पुन्हा मोजा."

त्यांनी हसून पुन्हा मोजले. सत्तर आले. मी म्हटलं, हे बोलण्यामुळं वाढलेत, हे धरू नका. मला पाच मिनिटं पडू द्या, कोणी बोलू नका. साहेबांनाही मी बोटानं गप केलं. मी डोळे मिटले आणि आता मात्र मला कसलीच भीती वाटत नव्हती, कारण निकाल मला माहीत होता. मॅडमनी पूर्ण मिनिट मोजलं. बासष्ट. मग त्यांनी रक्तदाब घेतला, कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी लांब करून त्या बघत राहिल्या. नुसत्या नाडीवर सगळं ठरत नाही, त्या म्हणाल्या, घाबरलं, ताप आला, चहा फार झाला तरी ती वाढते. पण तुमचं बाकीही सगळं उत्तम आहे. या वयाला इतकं छान हृदय मी इथं फार बघितलेलं नाही. तुम्ही चालता का?

साहेबांनी आठवण करून सांगितलं की ते पहाटे फिरतीवर निघत तेव्हा मी त्यांना बांधावर पळताना दिसायचो. मी त्यात चढाचा रस्ताही असतो अशी भर घातली. कोणी विचारलं नव्हतं.

जीपमध्ये साहेब माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "कपिलराव, मनापासून आनंद झाला." मी म्हटलं, मलाही, साहेब. "मग सोमवारच्या एसटीनं निघा. ऑर्डरवर आजच सही करतो."

प्रतीक्षा फाटकातच उभी होती. मी आधी बासष्ट सांगितले, नंतर आहुपे सांगितलं. मॅडम आधी काय म्हणाल्या होत्या तेही सांगून टाकलं, कारण साहेबांकडून कळलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. ती पायरीवर बसली. "त्या आपणहून सोडत व्हत्या, मग तुमी कशाला उठला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बासष्ट होते ना. मग ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मीही तिच्या शेजारी बसलो. त्या वेळी माझे ठोके किती होते कोण जाणे, पण ते बासष्ट खात्रीनं नव्हते. रात्री तिनं मला कुकर लावायला शिकवलं.

सोमवारी डिंभ्याच्या धरणाच्या कडेनं वळणं घेत एसटीनं मला आहुप्यात सोडलं. वळकटी आणि कुकर घेऊन मी चढाला लागलो. वाटेत दगडावर कुशाबा नावाचे एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी माझा कुकर हातात घेतला आणि बरोबर चालायला लागले. आजवर त्या खोलीत आलेला प्रत्येक माणूस काहीतरी भानगड करूनच आलेला होता, त्यामुळं थोडं वर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पावणं, तुमचं काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, "काही नाही बाबा. माझं हृदय फार चांगलं निघालं."

बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी माया होती.

"आसूं द्या," ते म्हणाले. "जिवाला लावून घिऊ नका. हितलं पाणी चांगलं हाय, हुईल बरं."